मिनास अवेतिस्यान यांची चित्रकला : रंग, गाव आणि चरित्राची सावली

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आर्मेनियन चित्रकलेचा विचार मिनास अवेतिस्यान (१९२८-१९७५) यांच्या नावाला वळसा घालून करता येत नाही. आर्मेनियात त्यांचा उल्लेख आडनावाशिवाय, केवळ 'मिनास' असा केला जातो. एखाद्या कलावंताला समाजाने घरातल्या माणसाप्रमाणे पहिल्या नावाने ओळखावे, ही त्याच्या लोकप्रियतेची मोठीच पावती होय. परंतु या जवळिकीचा एक परिणामही संभवतो. अशा कलावंताचे चरित्र हळूहळू दंतकथेचे रूप धारण करते आणि त्याच्या कलाकृती त्या दंतकथेची चित्रे म्हणून पाहिल्या जाऊ लागतात.

मिनास यांच्याबाबतीत नेमके हेच घडले आहे. १९७२ च्या आरंभी त्यांच्या येरेवान येथील चित्रशाळेला आग लागली आणि त्यांची अनेक महत्त्वाची चित्रे जळून गेली. १९७५ च्या फेब्रुवारी महिन्यात रस्त्यावरील वाहन-अपघातात जखमी होऊन, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८२ मध्ये त्यांच्या जन्मगावी उभारलेले संग्रहालय ७ डिसेंबर १९८८ च्या भूकंपात कोसळले. आग, अपघात आणि भूकंप या तीन आघातांची मालिका इतकी विलक्षण आहे की, तिच्यापुढे चित्रांचा विचार मागे पडणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. चित्रातील लाल रंग पाहिला की आगीची आठवण होते आणि डोंगरावरील सावली पाहिली की मृत्यूची पूर्वसूचना जाणवते, अशा प्रकारचे आकलन सहज रूढ होते.

हे आकलन भावनिकदृष्ट्या समजण्यासारखे असले, तरी कालक्रमाच्या कसोटीवर ते टिकत नाही. तो लाल रंग आगीच्या किमान दहा-बारा वर्षे आधीपासून त्यांच्या चित्रांत आहे. तेव्हा त्या रंगाचे मूळ आणि त्याचे कार्य कोणते, हा प्रश्न चरित्राच्या बाहेर जाऊन, चित्रपरंपरेच्या आणि तत्कालीन सोव्हिएत कलाव्यवहाराच्या संदर्भात विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

जाजुर ते लेनिनग्राद

मिनास यांचा जन्म १९२८ मध्ये वायव्य आर्मेनियातील शिराक प्रदेशात, जाजुर या डोंगराळ खेड्यात झाला. त्यांचे वडील लोहार होते. जाजुर हे गाव आजच्या ग्युमरी शहरापासून जवळ आहे. झारशाहीच्या काळात या शहराचे नाव अलेक्झांड्रोपोल होते. १९२४ मध्ये ते लेनिनाकान झाले आणि सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर त्याला ग्युमरी हे नाव मिळाले. एका शहराची एका शतकातील ही तीन नावे त्या प्रदेशाच्या अस्थिर इतिहासाची कल्पना देण्यास पुरेशी आहेत.

या प्रदेशाच्या स्मृतीत १९१५ च्या नरसंहाराचे स्थान केंद्रवर्ती आहे. ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियनांच्या संहारातून जे वाचले, त्यांतील फार मोठा समूह पूर्व आर्मेनियात आश्रयाला आला. १९२० च्या दशकाच्या आरंभी अलेक्झांड्रोपोल हे अनाथ मुलांचे शहर म्हणून ओळखले जात होते. अमेरिकन मदतसंस्थेने तेथील लष्करी छावण्यांच्या इमारतींत वीस हजारांहून अधिक मुलांची सोय केली होती. मिनास यांचे बालपण या पार्श्वभूमीवर गेले. आजूबाजूच्या प्रौढ माणसांनी जे पाहिले होते, ते उघडपणे बोलण्याची मुभा स्टालिनकालीन सार्वजनिक जीवनात नव्हती. पुढे मिनास यांच्या चित्रांतील माणसे इतकी गप्प का असतात, याचे एक उत्तर या सामूहिक मौनात शोधता येईल. मात्र हे एकमेव उत्तर मानणे चुकीचे ठरेल.

त्यांचे कलाशिक्षण प्रथम येरेवानमधील तेर्लेमेझ्यान यांच्या नावाच्या कलाविद्यालयात आणि नंतर लेनिनग्राद येथील रेपिन संस्थेत झाले. रेपिन संस्था ही सोव्हिएत कलाशिक्षणातील सर्वांत प्रतिष्ठित आणि तितकीच परंपरानिष्ठ संस्था होती. तेथे त्यांना बोरिस इओगान्सोन यांचे मार्गदर्शन लाभले. इओगान्सोन हे समाजवादी वास्तववादाचे अधिकृत प्रतिनिधी मानले जात. १९३० च्या दशकात निश्चित झालेल्या या कलाधोरणानुसार चित्राने कथा सांगावी, ती आशादायक असावी आणि सामान्य प्रेक्षकाला ती तत्काळ कळावी, अशी अपेक्षा होती.

तथापि मिनास लेनिनग्रादमध्ये होते तो काळ बदलाचा होता. १९५३ मध्ये स्टालिनचा मृत्यू झाला होता. १९५६ मध्ये ख्रुश्चेव यांनी पक्षाच्या अधिवेशनात स्टालिनच्या कारकिर्दीवर टीका केली आणि त्याच वर्षी मॉस्को व लेनिनग्राद येथे पिकासोच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. श्चुकिन आणि मोरोझोव या रशियन संग्राहकांनी क्रांतीपूर्वी जमविलेली सेझान, गोगँ, मातिस आदींची चित्रे १९४८ मध्ये मॉस्को व लेनिनग्राद येथील संग्रहालयांत विभागली गेली होती. दीर्घकाळ दडवून ठेवलेली ही चित्रे याच सुमारास पुन्हा भिंतींवर दिसू लागली. याचा अर्थ असा की, लेनिनग्रादमधील विद्यार्थ्याला वर्गात एक आणि हर्मिटाज संग्रहालयात दुसरे, असे दोन परस्परविरोधी अभ्यासक्रम एकाच वेळी उपलब्ध होते. १९६० मध्ये शिक्षण पूर्ण करून मिनास येरेवानला परतले, तेव्हा त्यांच्यापाशी पहिल्या अभ्यासक्रमातील रेखांकनाची शिस्त होती आणि दुसऱ्यातील रंगाचे स्वातंत्र्य होते.

१९६२ : एक प्रदर्शन आणि त्याचा अर्थ

१९६२ मध्ये येरेवान येथे पाच चित्रकारांचे एक प्रदर्शन भरले. मिनास हे त्या पाचांपैकी एक होते. आर्मेनियन कलेच्या इतिहासात हे प्रदर्शन एका नव्या पिढीच्या आगमनाची खूण म्हणून नोंदले गेले आहे. योगायोग असा की, याच वर्षाच्या १ डिसेंबर रोजी मॉस्कोमधील मानेज सभागृहात ख्रुश्चेव यांनी अमूर्त चित्रकारांची जाहीर निर्भर्त्सना केली आणि मॉस्कोमधील मोकळीक आक्रसू लागली. येरेवानमध्ये मात्र तुलनेने अधिक अवकाश शिल्लक राहिला. पुढे १९७२ मध्ये समीक्षक हेन्रिक इगित्यान यांच्या पुढाकाराने येरेवान येथे आधुनिक कलेचे संग्रहालय स्थापन झाले. सोव्हिएत संघातील अशा प्रकारचे हे पहिलेच शासकीय संग्रहालय होते. केंद्रात जे शक्य नव्हते ते परिघावर शक्य झाले, ही बाब लक्षणीय आहे.

या काळातील 'जाजुर' (१९६०) आणि 'माझे आईवडील' (१९६२) ही चित्रे पाहिली असता मिनास यांच्या शैलीची मूलभूत वैशिष्ट्ये दिसून येतात. पहिले वैशिष्ट्य असे की, चित्रात प्रसंग नसतो. समाजवादी वास्तववादी ग्रामचित्रात नेहमी काहीतरी घडत असते; पीक कापले जाते, नवा ट्रॅक्टर येतो, उत्कृष्ट कामगाराचा गौरव होतो. मिनास यांच्या गावात माणसे असतात, पण ती काही साध्य करण्याच्या मार्गावर नसतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अवकाशाचा सपाटपणा. घर, भिंत, डोंगर आणि माणूस ही सर्व जवळजवळ एकाच पृष्ठभागावर येतात आणि दूरचा डोंगर जवळच्या भिंतीइतकाच तीव्र रंगात रंगविला जातो. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे रंगाची स्वायत्तता. लाल, नारिंगी, पिवळा आणि गडद निळा हे रंग वस्तूचे वर्णन करण्यासाठी येत नाहीत. वस्तूच जणू त्या रंगांना थांबण्यासाठी जागा देतात.

सार्यान आणि मिनास : दोन प्रकारचा प्रकाश

मिनास यांच्या रंगाविषयी बोलताना मार्तिरोस सार्यान (१८८०-१९७२) यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सार्यान यांनी १९१० ते १९१३ या काळात कॉन्स्टँटिनोपल, इजिप्त आणि पर्शिया येथे प्रवास केला, १९२१ मध्ये ते येरेवानला स्थायिक झाले आणि आर्मेनियाच्या भूदृश्याला त्यांनी एक ओळख मिळवून दिली. निळे डोंगर, पिवळी शेते आणि दुपारचे लख्ख ऊन हे 'आर्मेनियन रंग' होत, ही धारणा बव्हंशी सार्यान यांनी निर्माण केली. मिनास यांना सार्यान यांचे वारसदार मानण्याची प्रथा यातूनच पडली.

ही मांडणी अंशतः खरी आहे. परंतु दोघांच्या चित्रांची शेजारी ठेवून तुलना केली असता फरक अधिक ठळकपणे जाणवतो. सार्यान यांच्या चित्रात प्रकाश बाहेरून, सूर्याकडून येतो. तो सर्वांवर सारखा पडतो आणि त्यामुळे चित्राचा भाव उत्सवी राहतो. मिनास यांच्या चित्रात सूर्य बहुधा जाणवत नाही. तेथील लाल रंग हा राखेखालच्या निखाऱ्यासारखा आतून तापलेला असतो. सार्यान सावलीसाठी निळा रंग वापरतात आणि उजेडासाठी पिवळा-नारिंगी. मिनास यांच्याकडे अनेकदा सावलीच लाल असते. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या परिभाषेत सांगावयाचे झाल्यास, सार्यान यांचा स्थायीभाव उत्साह आहे, तर मिनास यांचा शोक आहे. आणि दोघेही तो जवळजवळ त्याच रंगांतून व्यक्त करतात.

या फरकाचे स्पष्टीकरण पिढीच्या अनुभवात सापडते. सार्यान यांनी आर्मेनियाची प्रतिमा घडविली ती सर्वस्व गमावल्यानंतर एक देश नव्याने उभा राहत असताना. तेव्हा आनंदाची प्रतिमा ही गरज होती. मिनास यांच्या पिढीसमोर देश उभा होता, पण त्याच्या दुःखाला सार्वजनिक भाषा नव्हती. २४ एप्रिल १९६५ रोजी, नरसंहाराच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, येरेवानच्या रस्त्यांवर प्रचंड जनसमुदाय उतरला आणि १९६७ मध्ये त्सित्सेर्नाकाबेर्द टेकडीवर स्मारक उभे राहिले. मिनास यांच्या सर्जनाचा बहराचा काळ नेमका हाच आहे. त्यांनी नरसंहाराचे चित्रण केले म्हणून त्यांची चित्रे या घटनेशी जोडावयाची नाहीत. ज्या वर्षांत एक समाज आपल्या शोकाला उच्चार देऊ लागला, त्याच वर्षांत एका चित्रकाराने उत्सवाच्या रंगांना शोकाचे वजन दिले, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

मिनास यांच्या रंगाचे आणखी एक मूळ मध्ययुगीन हस्तलिखितांत आहे. आर्मेनियन हस्तलिखितांतील लघुचित्रांची परंपरा प्रदीर्घ असून तेराव्या शतकातील तोरोस रोसलिन हे तिचे सर्वश्रेष्ठ प्रतिनिधी होत. मिनास यांनी 'तोरोस रोसलिनचा जन्म' या विषयावर भित्तिचित्र काढले, यावरून हे ऋण त्यांना स्वतःलाही मान्य होते असे म्हणता येईल. सपाट पार्श्वभूमी, प्रेक्षकाकडे वळलेल्या आकृती, मोठे आणि गडद डोळे, तसेच माणूस व वास्तू यांच्या प्रमाणातील स्वातंत्र्य ही लघुचित्रांची वैशिष्ट्ये त्यांच्या कॅनव्हासवर पुन्हा भेटतात. तथापि लघुचित्रातील आकृती धर्मकथेचा भाग असतात, तर मिनास यांच्या आकृतींना कथा नसते. आई, मेंढपाळ, भाकरी भाजणाऱ्या बाया यांना त्यांनी संतांची मांडणी दिली, पण संतांची कथा दिली नाही.

'लवाश' : श्रम की विधी?

या दृष्टीने लवाश भाजणाऱ्या स्त्रियांचे १९७२ मधील चित्र अभ्यासण्याजोगे आहे. लवाश ही पातळ, मोठी भाकरी जमिनीत पुरलेल्या तोनीर नावाच्या मातीच्या भट्टीत भाजली जाते आणि हे काम बहुधा स्त्रिया एकत्र बसून करतात. विषय श्रमाचा आहे. सोव्हिएत धोरणाच्या चौकटीत सामूहिक श्रम हा अत्यंत स्वीकारार्ह विषय होता. तरीही मिनास यांच्या चित्रात श्रमाचा जोश नाही. स्त्रियांच्या हालचाली संथ, जवळजवळ थांबलेल्या आहेत. त्यांचे चेहरे एकमेकींकडे वळले तरी त्यांच्यात संभाषण चालू आहे असे वाटत नाही. भाकरी करण्याची कृती येथे विधीच्या पातळीवर जाते. अधिकृत विषयाचा स्वीकार करून त्यातील अधिकृत आशय काढून घेणे, ही मिनास यांची खास पद्धत होती असे म्हणता येईल.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. मिनास यांचे गाव खरे आहे काय? १९६० च्या दशकातील सोव्हिएत आर्मेनिया झपाट्याने औद्योगिक होत होता. गावांत वीज आली होती, सामूहिक शेतीची व्यवस्था स्थिरावली होती, तरुण येरेवानकडे निघाले होते. खुद्द जाजुरजवळून रेल्वेमार्ग जातो. मिनास यांच्या बहुतेक ग्रामचित्रांत यांतील फारच थोडे दिसते. त्यांचे गाव काळाबाहेरचे आहे आणि त्यांच्या स्त्रिया व्यक्तीपेक्षा प्रकार म्हणून अधिक येतात. शहरात राहणाऱ्या चित्रकाराने आठवणीतील गावाला सोन्याचा मुलामा दिला, असा आरोप करणे त्यामुळे शक्य आहे.

दुसरा आक्षेप याहूनही सूक्ष्म आहे. सोव्हिएत सांस्कृतिक धोरणाचे सूत्रच 'आशय समाजवादी, रूप राष्ट्रीय' असे होते. प्रत्येक प्रजासत्ताकाने आपापल्या पोशाखात, आपापल्या रंगांत समान आशय मांडावा, अशी ती कल्पना होती. तेव्हा डोंगर, खाचकार आणि तोनीर यांनी भरलेली चित्रे ही बंडखोरी होती की शासनाने आखून दिलेल्या 'राष्ट्रीय रूपा'च्या चौकटीतीलच एक सुंदर कामगिरी होती? मिनास हे काही भूमिगत चित्रकार नव्हते. त्यांची चित्रे शासकीय संग्रहालयांनी स्वीकारली, कारखान्यांनी त्यांच्याकडून भित्तिचित्रे करून घेतली आणि १९७४ मध्ये येरेवानच्या स्पेंदियार्यान संगीतनाट्यगृहातील खाचातुर्यान यांच्या 'गयाने' या बॅलेसाठी त्यांनी नेपथ्य केले. १९४२ मध्ये प्रथम सादर झालेला हा बॅले सामूहिक शेतीवरील जीवनाचे चित्रण करणारा होता. मिनास यांना व्यवस्थेचा बळी किंवा व्यवस्थेचा शत्रू म्हणून रंगविणाऱ्या लेखनात या वस्तुस्थितीकडे सोयीस्कर दुर्लक्ष होते.

या दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे आणि ते नाकारून मिनास यांचे मोठेपण सिद्ध होणार नाही. पहिल्या आक्षेपाबाबत असे म्हणता येईल की, मिनास यांचे गाव काळाबाहेरचे असले तरी ते सुखी नाही. स्मरणरंजनाची खूण ही की, त्यात भूतकाळ उबदार आणि सुरक्षित भासतो. मिनास यांच्या गावात ऊब आहे, पण सुरक्षितता नाही. डोंगर घरांवर झुकलेले असतात, दारे काळोखी असतात आणि माणसे कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी उभी असतात. दुसऱ्या आक्षेपाबाबत असे लक्षात येते की, त्यांनी 'राष्ट्रीय रूप' घेतले, परंतु सूत्रातील दुसरे पद गाळले. रूप हेच आशय झाले. चौकट शासनाची होती, तिच्यातून बाहेर पडलेले चित्र शासनाच्या अपेक्षेतील नव्हते. हा विद्रोह घोषणेचा नव्हता, म्हणून तो कमी खरा ठरत नाही. मात्र त्याला घोषणेच्या भाषेत मांडणे ही समीक्षेची चूक ठरते.

याच संदर्भात एका चित्रपटाची नोंद करणे उचित होईल. मिखाइल वार्तानोव यांनी १९६९ मध्ये 'आर्मेनियन भूमीचा रंग' हा माहितीपट केला. त्यात मिनास यांच्यासह दिग्दर्शक सर्गेई पाराजानोव यांचाही सहभाग होता. या माहितीपटाच्या प्रदर्शनाला सोव्हिएत काळात अटकाव झाला. पाराजानोव यांना १९७३ च्या अखेरीस अटक झाली. वार्तानोव यांनी पुढे १९८९ मध्ये मिनास यांच्यावर दुसरा चित्रपट केला आणि त्याला शोकगीताचे रूप दिले. एकाच वेळी शासनाच्या भिंतीवर चित्र काढणारा आणि शासनाने दडपलेल्या चित्रपटात दिसणारा हा कलावंत होता. या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या तरच त्याचे खरे स्थान कळते.

भिंतींचे भवितव्य

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मिनास यांनी लेनिनाकान आणि परिसरातील कारखान्यांसाठी अनेक भित्तिचित्रे काढली. कॅनव्हासवरील चित्र विकत घेता येते, हलविता येते, लपविताही येते. भिंतीवरील चित्र मात्र त्या वास्तूच्या नशिबाशी बांधलेले असते. कारखान्यातील कामगार हा या चित्रांचा रोजचा प्रेक्षक होता. मिनास यांचा शांत, विधीसारखा संथ ग्रामीण अवकाश यंत्रांच्या खडखडाटात उभा राहिला, हा विरोधाभास त्यांच्या उत्तरकालीन कार्याचा सर्वांत अर्थपूर्ण भाग होय.

१९८८ च्या भूकंपात किमान पंचवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. स्पिताक नगर जवळजवळ नष्ट झाले, लेनिनाकानचा मोठा भाग कोसळला. जाजुर या दोन्ही ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात येते. तेथील मिनास संग्रहालय पडले आणि नंतर ते पुन्हा उभारण्यात आले. ज्या कारखान्यांच्या भिंती भूकंपातून वाचल्या, त्यांच्यावर १९९१ नंतर वेगळे संकट आले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर उद्योग बंद पडले, इमारती खाजगी मालकीच्या झाल्या आणि छपरे गळू लागली. अशा भिंतींवरील काही चित्रे पुढे मूळ जागेवरून काढून, दुरुस्त करून अन्यत्र नेण्यात आली. यामुळे चित्र वाचते, हे खरे. परंतु कामगारांसाठी काढलेले चित्र जेव्हा त्या भिंतीपासून वेगळे होते, तेव्हा त्याच्या अर्थाचा एक भाग मागे राहतो. संवर्धनाच्या प्रत्येक यशाबरोबर येणारी ही हानी कलेच्या इतिहासलेखनात नोंदली गेली पाहिजे.

भूकंप आला नसता आणि कारखाने चालू राहिले असते, तर मिनास यांचे नाव आज बहुधा भित्तिचित्रकार म्हणून अधिक घेतले गेले असते. आपण ज्याला एखाद्या कलावंताचे 'समग्र कार्य' म्हणतो, ते प्रत्यक्षात पुष्कळदा केवळ उरलेले कार्य असते. मिनास यांच्याबाबतीत ही मर्यादा आग, भूकंप आणि आर्थिक पडझड या तिन्हींनी आखून दिली आहे.

आग आणि त्यानंतर

१९७२ च्या आगीविषयी आणि १९७५ च्या अपघाताविषयी आर्मेनियात दीर्घकाळ संशय व्यक्त होत आला आहे. या दोन्ही घटनांमागे शासकीय यंत्रणांचा हात असावा, अशी धारणा अनेकांनी बाळगली. तिला निर्णायक पुराव्याचा आधार मिळालेला नाही. समीक्षकाने या धारणेची नोंद जरूर घ्यावी, कारण ती एका समाजाचा आपल्या शासनावरील अविश्वास व्यक्त करते. पण तिच्या आधारे चित्रांचा अर्थ लावू नये.

आगीच्या संदर्भात सार्यान यांच्या आयुष्यातील एका घटनेची आठवण येथे उद्बोधक ठरेल. १९२८ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनानंतर सार्यान यांची चित्रे मायदेशी येत असताना जहाजाला आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे नष्ट झाली. ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी मिनास यांचा जन्म झाला. सार्यान त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगले आणि चित्रे काढत राहिले. त्यामुळे त्या आगीला त्यांच्या चरित्रात एका प्रसंगापुरतेच स्थान मिळाले. मिनास यांना आगीनंतर अवघी तीन वर्षे मिळाली. म्हणून ती आग त्यांच्या संपूर्ण आयुष्याचे प्रतीक बनली. दोन घटनांचे स्वरूप सारखे असूनही त्यांचे अर्थ वेगळे झाले, ते केवळ पुढे लाभलेल्या आयुष्याच्या लांबीमुळे. चरित्रातून कलेचा अर्थ काढण्याच्या पद्धतीतील योगायोगाचा भाग किती मोठा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

या तीन वर्षांत मिनास यांनी हताश होऊन ब्रश खाली ठेवला नाही. भित्तिचित्रे, 'गयाने'चे नेपथ्य आणि नवी कॅनव्हास चित्रे या तिन्ही आघाड्यांवर त्यांनी अखेरपर्यंत काम केले. 'लवाश' हे चित्र आगीच्याच वर्षातील आहे. या चित्रात भट्टी आहे, म्हणजे अग्नीही आहे; पण तो भाकरी भाजणारा अग्नी आहे. चित्रकाराला येथे आगीला उत्तर द्यावयाचे होते, असे विधान करण्याचा मोह टाळावयास हवा. तरीही एवढे निश्चितपणे म्हणता येते की, सर्वस्व जळाल्याच्या वर्षी त्याने आपल्या रंगपेटीतून लाल रंग वगळला नाही. आगीपूर्वी त्या रंगाचे जे काम होते, तेच त्यानंतरही राहिले. चरित्र बदलले, पण चित्रभाषा आपल्या वाटेने चालत राहिली. मिनास यांच्या कलेच्या स्वायत्ततेचा याहून भक्कम पुरावा देता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब अशी की, मिनास अवेतिस्यान यांचा रंग हा त्यांच्या आयुष्यातील दुर्घटनांचा परिणाम नाही; मध्ययुगीन लघुचित्रे, सार्यान यांचे भूदृश्य आणि लेनिनग्रादमध्ये पाहावयास मिळालेली युरोपीय आधुनिक चित्रे या तीन स्रोतांतून तो घडला आहे. दुसरी बाब म्हणजे, सार्यान यांच्याकडून मिळालेल्या उत्सवी रंगांना त्यांनी शोकाचे वजन दिले आणि हेच त्यांचे स्वतंत्र योगदान होय. तिसरी बाब अशी की, शासनाने मान्य केलेल्या 'राष्ट्रीय रूपा'चा स्वीकार करूनही त्यातील अपेक्षित आशय त्यांनी नाकारला. त्यामुळे 'शासकीय' आणि 'विद्रोही' या दोन कप्प्यांपैकी कोणत्याही एकात त्यांना बसविता येत नाही. त्यांच्या कलेच्या मर्यादाही येथेच आहेत. बदलत्या गावाकडे त्यांनी फारसे पाहिले नाही आणि त्यांच्या स्त्री-आकृतींना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व क्वचितच लाभले.

लहान राष्ट्रांच्या कलेविषयी बाहेरच्या जगात दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर तिच्यातील स्थानिक रंगाचे कौतुक होते, नाही तर तिच्या दुःखाबद्दल सहानुभूती दाखविली जाते. दोन्ही प्रकारांत चित्र नजरेआड होते. कौतुक करणाऱ्याला डोंगर दिसतो, सहानुभूती बाळगणाऱ्याला आग दिसते. जाजुरच्या लोहाराच्या मुलाने मात्र आपल्या चित्रांत ना डोंगराची जाहिरात केली, ना आगीची तक्रार. तापलेल्या लोखंडाचा लाल रंग हा धोक्याचा असतो आणि त्याच क्षणी लोखंडाला आकारही देता येतो, हे लोहाराच्या घरात वाढलेल्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. मिनास यांची उरलेली चित्रे या जाणिवेने पाहिली, तर चरित्राची सावली थोडी बाजूला सरेल आणि त्या चित्रांतील गप्प माणसे अधिक स्पष्ट दिसू लागतील.